कृषिविद्येत एम.एस्सी.: दोन वर्षं वाया?

मिरजकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘बी.एस्सी. ॲग्री झाली की कृषी सेवा केंद्र टाका, नाहीतर एमपीएससीला बसा. एम.एस्सी. म्हणजे दोन वर्षं वाया.’ वाचून डोकं फिरलं. बी.एस्सी.ला आपण खताची मात्रा पाठ करतो. ती मात्रा आली कुठनं, हे एम.एस्सी.ला कळतं. सात ट्रीटमेंट (खताच्या वेगवेगळ्या मात्रा), प्रत्येकीची तीन रेप्लिकेशन, म्हणजे तीनदा पुनरावृत्ती, असे एकवीस प्लॉट. प्रत्येक प्लॉटात खुणेची झाडं, उन्हात वाकून मोजलेले फुटवे. डोळ्याला ठळक दिसलेला फरक क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे फरक खरा धरायला लागणारी किमान मर्यादा, ओलांडत नाही, तेव्हा आपलं मत बाजूला ठेवावं लागतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं फुले २६५ ही उसाची जात दिली ती अशाच मोजमापातून.

पलूसकर: ते मीच लिहिलंय आणि आजही तेच म्हणतो. माझा चुलतभाऊ एम.एस्सी. करून पुण्यात खोली घेऊन परीक्षाच देतोय. इकडं शेजारचा दहावी नापास गडी द्राक्ष एक्स्पोर्ट करतो. डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली की थीसिस उघडत नाही तो.

वाळवेकर: द्राक्षाचं राहू द्या, आमच्या नदीकाठच्या रानांचं बोला. मीठ फुटलंय. दुकानदार म्हणाला जिप्सम टाका, वडिलांनी ट्रॉलीभर टाकलं. बहीण एम.एस्सी. करते, ‘आधी माती का नाही तपासली’ म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. मग तपासली. सामू (पीएच) ८.१, ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, भलतीच वाढलेली. म्हणजे रान खारवट (क्षार साठलेलं), चोपण (सोडियमनं घट्ट झालेलं) नव्हे. जिप्सम लागतं ते विनिमययुक्त सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर गेल्यावर; आमचं तेवढं नव्हतं. आमच्या रानाला निचरा हवा होता. पैसे गेले ते गेलेच.

पलूसकर: मग चूक पाटपाण्याची! रात्रभर मोटर चालू ठेवून ऊस भिजवायचा आणि मीठ फुटलं म्हणून रडायचं. ठिबक का नाही केलं?

वाळवेकर: तोंड सांभाळून बोला. आमच्याकडं वीज रात्री येते, बारं कोण धरायला जातं ते बघायला या एकदा. आणि नुसत्या ठिबकनं साठलेलं मीठ जात नाही. जमिनीत सच्छिद्र पाइप टाकून, वर गोडं पाणी देऊन ते धुऊन काढावं लागतं. शेजाऱ्यानं चर काढू दिली नाही तर तेही अडतं.

मिरजकर: दादा, पाइप किती खोल, किती अंतरावर, हे मातीच्या पोतावर ठरतं. ते शिकलेला माणूस गावात नको का?

पलूसकर: हवा. मातीपुरतं तुमचं मान्य. पण गावात बसून त्याला पगार कोण देणार? सोसायटी देत नाही, कारखान्याच्या ऊसविकासात जागा निघाली तर वशिला आधी. शिष्यवृत्ती आणि हॉस्टेलसाठी प्रवेश घेऊन दोन वर्षं परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं निम्म्या वर्गात बसतात, त्यावर एकानंही लिहिलं नाही.

मिरजकर: बसतात, नाकारत नाही. त्यांच्यामुळं प्लॉटात उभा राहणाऱ्याला वेड्यात काढू नका, एवढंच. वाळवेकर, रिपोर्ट इथं टाका, बघून सांगतो.