पॉलिक्लिनिक बंद करून माजी सैनिकांना थेट खासगी दवाखान्यात जाऊ द्यावं का?

केळीवाला_हवालदार (रावेर तालुका)
विषय जुनाच आहे, पण या वेळी आडपडदा न ठेवता मांडतो. ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेची, पॉलिक्लिनिकं (योजनेचे स्वतःचे छोटे दवाखाने) बंद करा आणि पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेच्या मान्य यादीतल्या, कुठल्याही खासगी दवाखान्यात कार्डावर थेट जाऊ द्या, असं माझं मत आहे.

सध्या काय होतं? गुडघा दुखतो. सकाळच्या एसटीनं पॉलिक्लिनिक गाठायचं, नंबर लावायचा, तिथल्या डॉक्टरनं पाहायचं आणि सांगायचं, "हाडाच्या डॉक्टरकडे जावं लागेल." अहो, हे मला घरूनच माहीत होतं! रेफरल, म्हणजे पुढं पाठवायची चिठ्ठी, हातात पडेपर्यंत दुपार होते. पॅनेलवरच्या दवाखान्यात पोचावं तर ओपीडी उठलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटी. केळीची कटाई चालू असली तर माणूस गुडघा तसाच ओढत राहतो.

एमआरआय खासगीत, ऑपरेशन खासगीत, मग मधला दरवाजा कशाला? आणि हे फुकट नाही. आज निवृत्त होणारा हवालदारापर्यंतचा जवान ३० हजार भरतो, जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) ६७ हजार, अधिकारी १ लाख २० हजार. अमेरिकेनं २०१८ चा मिशन कायदा केला. आता तिथं सरकारी केंद्र गाडीनं सरासरी अर्ध्या तासापेक्षा लांब असेल तर साध्या उपचारासाठी माजी सैनिक सरकारी खर्चानं खासगी डॉक्टरकडे जाऊ शकतो. तज्ज्ञासाठी हीच मर्यादा एक तासाची. आमच्या गावाहून अर्ध्या तासात जेमतेम सावदा येतं.

सुभेदार_पांझरा (धुळे)
हवालदार भाऊ, एसटीचे धक्के मीही खातो. पण दरवाजा काढायचं म्हणता तिथं थांबा.

१ एप्रिल २००३ ला योजना सुरू झाली. त्याआधी खान्देशातला पेन्शनर काय करायचा? देवळालीचा नाहीतर औरंगाबादचा एमएच, म्हणजे लष्करी दवाखाना. तिथं आधी सेवेतले जवान, मग आपण. पॉलिक्लिनिक आलं म्हणून शुगर-बीपीच्या गोळ्या तरी जिल्ह्यात मिळायला लागल्या. तुम्ही गुडघ्याचं सांगताय, पण तिथली रांग बघा. निम्मे लोक महिन्याच्या गोळ्या घ्यायला आलेले असतात. खासगी दवाखाना ऑपरेशन करेल, डिस्चार्जच्या वेळी चार दिवसांची औषधं देईल, पुढची कोण देणार?

दुसरं. आमच्या ओळखीच्या एका नायकाला खासगीत दोन्ही गुडघे बदलायला सांगितलं. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला आणि दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला पाठवलं. तिथून फिजिओथेरपी निघाली. माणूस आज शेतात बांधावरून चालतो. त्या बाईंना बिलातला एक रुपया मिळत नव्हता, म्हणून त्या स्पष्ट बोलू शकल्या. कॅगनं २०१५ च्या अहवालात या योजनेवर ताशेरे ओढले. औषधांची टंचाई त्यात होती, तशी खासगी दवाखान्यांना जादा गेलेली रक्कमही होती. मधला माणूस असताना ही गत आहे.

केळीवाला_हवालदार
साहेब, सगळ्याच पॉलिक्लिनिकांना अशा डॉक्टरबाई लाभत नाहीत. आमच्याकडे डॉक्टर टिकतच नाही. गोळ्यांचं म्हणाल तर चारपैकी दोन "उपलब्ध नाही" असं लिहून मिळतात. मग बाहेरून विकत घ्या, पावत्या जोडा, अर्ज करा.

बिलिंग_काउंटर (जळगाव)
दोन्ही साहेबांनी काउंटरच्या अलीकडून लिहिलं, मी पलीकडून लिहिते. मी एका खासगी हॉस्पिटलात योजनांची बिलं बघते. आमचं हॉस्पिटल आधी ईसीएचएसच्या पॅनेलवर होतं, आता नाही.

कार्ड थेट चालावं की रेफरलनं, हा प्रश्न आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत कधी निघालाच नाही. निघाला तो उधारीचा. ईसीएचएस सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे) दर धरते. त्यातले बरेचसे दर २०१४ पासून जवळपास तिथंच होते. दरम्यान नर्सचा पगार, ऑक्सिजन, लाईटबिल, सगळं वाढलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दर सुधारले, चांगली गोष्ट. पण त्यात शहरांच्या श्रेणी आहेत. मुंबई-पुण्याच्या मानानं दुसऱ्या श्रेणीला १० टक्के कमी, तिसऱ्या श्रेणीला २० टक्के कमी. जळगाव-धुळे तिसऱ्यात. स्टेंट आम्हाला काय २० टक्के स्वस्त मिळतो का? उलट भूलतज्ज्ञाला बाहेरून बोलवावं लागतं. एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाचं, प्रमाणपत्र नसेल तर आणखी १५ टक्के कमी, आणि तालुक्याच्या गावी ते किती जणांकडे असतं?

त्यावर बिल ऑनलाईन चढवायचं, क्वेरी येते, एक कागद कमी, पुन्हा चढवायचं, शेवटी कपात होऊन रक्कम मंजूर आणि पैसे बजेट येईल तेव्हा. मोठ्या शहरातलं कॉर्पोरेट हॉस्पिटल हे सोसतं. वीस खाटांचं हॉस्पिटल नाही सोसू शकत. म्हणून ते पॅनेलमधून बाहेर पडतं, किंवा पॅनेलवर राहून "आज बेड नाही" म्हणतं. हवालदार साहेब, उद्या तुम्हाला थेट कार्ड मिळालं तरी हेच उत्तर मिळेल. फक्त एक एसटी कमी लागेल.

चोपड्याचा_परदेशी
मी अमेरिकेत राहतो, शेजारी दोन माजी सैनिक आहेत. तिथला दाखला आलाय म्हणून लिहितो.

खासगीकडे जाण्याची सुरुवात एका घोटाळ्यातून झाली. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात प्रतीक्षायाद्या लपवल्याचं उघड झालं, माजी सैनिक खात्याचे मंत्री शिन्सेकी यांना जावं लागलं. त्याच वर्षी कायदा झाला: ४० मैलांहून लांब राहणारा किंवा ३० दिवसांत वेळ न मिळालेला माजी सैनिक खासगीत जाऊ शकेल. मग २०१८ चा कायदा. अंतराचे निकष सैल झाले, खासगीवरचा खर्च वाढत गेला आणि आता भांडण असं आहे की तो पैसा सरकारी रुग्णालयांच्या तोंडचा जातोय.

पण एक गोष्ट इथं कुणी बोललं नाही. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी अँब्युलन्सनं नेलेल्या वयस्क माजी सैनिकांचा अभ्यास केला. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात नेलेल्यांमध्ये खासगीत नेलेल्यांपेक्षा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू ४६ टक्क्यांनी कमी निघाले आणि खर्चही कमी. तेव्हा खासगी म्हणजे चांगलंच, हे तिथंही सिद्ध नाही.

केळीवाला_हवालदार
दादा, तुमचा दाखला मला लागू कसा? तिथं सरकारचं स्वतःचं रुग्णालय आहे, स्वतःचे सर्जन आहेत, आयसीयू आहे. आमच्या पॉलिक्लिनिकात एक पलंग आणि बीपीचं यंत्र. त्याला वाचवून मी कुठला जीव वाचवणार? खान्देशात एमएच उभारा, मी माझा धागा मागे घेतो.

चोपड्याचा_परदेशी
हे मान्य. तुलना रुग्णालयाशी होती, पॉलिक्लिनिकशी नाही.

सातपुडा_पायथा (धडगाव)
तुम्ही सगळे रावेर-धुळ्यावरून बोलताय. इकडे पॅनेलवरचं सोडा, खासगी स्पेशालिस्टच नाही. घाट उतरून शहादा किंवा नंदुरबार. साक्रीकडचे एक आबा परवा मेळाव्यात म्हणाले तेच खरं: "आठे डॉक्टरच नही तं कार्ड लिसनी काय करो?" (इथं डॉक्टरच नाही तर कार्ड घेऊन काय करू?) खासगी दवाखाना पैसा आहे तिथं उघडतो. खासगीकडे दिलं तर जळगावच्या माणसाला पर्याय वाढतील, आमचा मात्र आहे तो एक दरवाजाही जाईल. आम्हाला महिन्यातून ठरलेल्या दिवशी येणारी गाडी द्या. डॉक्टर, गोळ्या आणि रक्ततपासणी एवढं असलं तरी पुष्कळ.

वीरनारीचा_मुलगा (पारोळा)
थोडं वेगळं विचारतो. आई सत्तरीच्या पुढं आहे. मध्यरात्री छातीत दुखलं तर रेफरल कुठून आणू? आणि शेजारी म्हणतात, आयुष्मानचं ७० वर्षांवरचं कार्ड काढा, ईसीएचएस सोडा.

बिलिंग_काउंटर
दादा, इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. पॅनेलवरचं हॉस्पिटल असेल तर आईचं कार्ड लगेच दाखवा. हॉस्पिटलनं ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, ते कळवलंय ना हे तुम्ही स्वतः विचारा. पॅनेलबाहेर जावं लागलं तर पैसे आधी तुम्हाला भरावे लागतील, परतावा ठरलेल्या दरानंच मिळेल. इमर्जन्सीचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, स्टेंट-इम्प्लांटचे स्टिकर, काही टाकू नका.

आयुष्मानचं कवच वर्षाला ५ लाखांचं आहे, ते दवाखान्यात भरती होण्यासाठी. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. ईसीएचएसवाल्यांना दोन्हीतलं एकच निवडता येतं. आईला रोजच्या गोळ्या चालू असतील तर शेजाऱ्यांचं ऐकू नका.

भरती_मैदान (भडगाव)
काका लोकहो, तुमच्याकडे भांडायला कार्ड तरी आहे. माझा भाऊ अग्निवीर आहे. चार वर्षांनी घरी पाठवलं तर त्याला ईसीएचएस नाही. पुढं काय ते कुणी सांगेल का?

सुभेदार_पांझरा
बाळा, त्यासाठी स्वतंत्र धागा काढ, मी पहिला लिहितो.

हवालदार भाऊ, काउंटरवरच्या ताईंचं वाचल्यावर मला एवढंच दिसतं की तुमची मागणी चुकीच्या खिडकीवर चाललीय. डॉक्टर का टिकत नाही? कारण तो वर्षाच्या कंत्राटावर, ठोक मानधनावर, आणि पुढच्या वर्षी राहीलच याची खात्री नाही. हॉस्पिटल पॅनेल का सोडतं? कारण बिल थकतं. दोन्हीकडे दोष पैशाच्या नळाचा आहे. पॉलिक्लिनिक बंद केल्यानं तो नळ मोठा होत नाही.

केळीवाला_हवालदार
बरं, साहेब, बंद करा हा शब्द मी बाजूला ठेवतो, तुमच्या गोळ्यांच्या मुद्द्यासाठी आणि धडगावच्या भावासाठी. पण रेफरलसाठी माणसाला प्रत्यक्ष बोलावणं मला पटणार नाही. ज्याचा आजार कागदावर आधीच नोंदलाय, त्याला पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरनं फोनवर बोलून ऑनलाईन रेफरल द्यावा. गुडघा तोच, एक्स-रे तोच, कार्ड तेच. माझं तोंड बघून डॉक्टरला काय नवीन कळतं?

सुभेदार_पांझरा
जुन्या आजाराला चालेल. पहिल्यांदा ऑपरेशन सांगितलं असेल तर नाही. तेव्हा डॉक्टरनं माणूस बघितलाच पाहिजे.

केळीवाला_हवालदार
मग तेवढ्या एका वेळेला मी एसटीनं येतो. पण दुपारी दोनच्या आत सोडायला सांगा, परतीच्या गाडीनंतर थेट संध्याकाळचीच आहे.