उड्या मारणारे डीएनए निव्वळ कचरा? कालच्या धाग्याला उत्तर

गोदाकाठची: 'जीनोममध्ये एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे हे डीएनएचे तुकडे परोपजीवी कचरा आहेत, त्यातून नवं जनुक घडणं ही थाप' असं काल इथे ठोकून दिलंय. राहवेना म्हणून लिहितेय. सेटमार हे जनुक घ्या. हिस्टोनला (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाला) मिथाइल हा रासायनिक गट चिकटवणाऱ्या जुन्या जनुकाच्या शेवटानंतर एचएसमार१ हा ट्रान्सपोझॉन, म्हणजे असाच एक उड्या मारणारा तुकडा, येऊन बसला. नंतर जुन्या जनुकाचा थांबा-संकेत गळाला, नवा इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी कापून टाकला जाणारा जनुकाचा भाग) तयार झाला आणि दोघांचं मिळून एकच प्रथिन बनू लागलं. हे ४ ते ५.८ कोटी वर्षांपूर्वीचं. माकडं, एप, माणूस सगळ्यांत ते आहे, टार्सियर या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्यात नाही. यात थाप कुठली?

पंचवटीकर: एका उदाहरणाने नियम होतो का? माणसाच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, ४५ टक्क्यांच्या आसपास भाग या तुकड्यांचा, आलू नावाच्या एकट्या तुकड्याच्या दहा लाखांवर प्रती. बहुतेक मेलेल्या, आता उडी न मारणाऱ्या. एल१ हा असाच तुकडा फॅक्टर आठ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात घुसून हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) होतो, हे १९८८ लाच दाखवलंय. माझ्या मावसभावाचं बालपण त्या आजारात गेलं. मला कौतुक सांगू नका.

निफाडचा बागायतदार: माकडं राहू द्या. पांढरं द्राक्ष कशामुळे? ग्रेट१ हा असाच तुकडा रंगाच्या जनुकाशी बसला म्हणून. थॉमसन या पांढऱ्या द्राक्षावर आमची घरं चालतात, त्याला कचरा म्हणता? तसंही आमच्या कष्टाची किंमत कोणाला आहे! गेल्या हंगामात व्यापारी माल उचलून पसार झाला, चेक वटलाच नाही.

पंचवटीकर: द्राक्षाचं रडगाणं इथे कशाला? आणि तिथे चालू जनुक बंद पडलंय, नवं घडलेलं नाही.

निफाडचा बागायतदार: रडगाणं? छाटणीपासून एकदा बागेत राबून बघा, मग बोला!

गोदाकाठची: दादा, द्राक्षाबाबत त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण पंचवटीकर, आउल मंकी या माकडाचं काय? त्याच्यात एल१च्या यंत्रणेने सायक्लोफिलिन-ए या जनुकाची प्रत ट्रिम५ या विषाणूविरोधी जनुकात टाकली आणि ते जोडप्रथिन एचआयव्ही-१ ला अडवतं. सेटमारमध्येही ट्रान्सपोझॉनचा डीएनएला धरणारा भाग निवडीने जपलाय. निरुपयोगी असता तर एवढ्या काळात त्याची अक्षरं विस्कटली असती.

पंचवटीकर: बरं, ही दोन मान्य. 'बहुतेक कचरा' हे मात्र सोडणार नाही.

सिडकोवाला: बागायतदार, चेकचं काय केलंत? बँकेने चेक परत आल्याचं कळवल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याला नोटीस जावी लागते, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८.

निफाडचा बागायतदार: मुदत गेली. व्यापारी 'उद्या देतो, परवा देतो' करत राहिला.

सिडकोवाला: चेकची वैधता शिल्लक असेल तर पुन्हा भरा. परत आला की नव्याने नोटीस देता येते.