तत्त्व धरून बसायचं की काम उरकायचं?

कंटाळलेला_कोडर
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. आमची सहा जणांची टीम आहे, बग (सॉफ्टवेअरमधल्या चुका) नोंदवायला एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता येतो असा, ट्रॅकर स्वतःच्याच सर्व्हरवर चालवतो. चालवतो म्हणजे मी चालवतो, बाकीचे वापरतात. गेल्या महिन्यात रविवारी रात्री लॉग फायलींनी (सर्व्हर आपोआप लिहीत जातो त्या नोंदी) डिस्क भरली, ट्रॅकर आडवा झाला, आणि मी रात्री दोन वाजता कुठली फाइल उडवली तर चालेल हे एकेक करून बघत बसलो, त्यात कळलं की बॅकअपही अकरा दिवस झालाच नव्हता, कारण त्यालाही जागा लागते ना. आता मॅनेजर म्हणतेय की पैसे भरून क्लाउडवरचा तयार ट्रॅकर घ्या आणि सुटा. मी एका पायावर तयार. पण टीममधला एक जण अडून बसलाय, ज्याचा सोर्स बघता येत नाही तिथे आपला डेटा ठेवायचा नाही म्हणजे नाही. (त्या रविवारी साहेब गाढ झोपले होते हे नम्रपणे नमूद करतो.)

गंमत म्हणजे हाच माणूस विजेचा विषय निघाला की एकदम व्यवहारी होतो. जर्मनीने चालू अणुभट्ट्या बंद केल्या हा मूर्खपणा, तत्त्वांवर दिवे लागत नाहीत, वगैरे वगैरे. मग ट्रॅकरच्या वेळी ही अक्कल कुठे जाते? तत्त्व कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं याला काही हिशोब असतो की ज्याची त्याची आवड?

वायफाय_पीडित
तुमचं दुःख पोचलं. मी डेबियनवाला, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार वापरणारा. आधी त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमधे नॉन-फ्री फर्मवेअर (वायफाय कार्डासारखी यंत्रं चालवायला लागणाऱ्या, सोर्स खुला नसलेल्या फायली) नसायचं, तत्त्व म्हणून. म्हणजे नवा लॅपटॉप, हौसेने इन्स्टॉल सुरू करायचं आणि मधेच ते सांगणार की वायफाय कार्डाची फाइल सापडत नाही, पेनड्राइव्हवर आणून द्या. अहो ती फाइल उतरवायला नेट लागतं आणि नेट चालायला ती फाइल लागते! शेवटी फोन यूएसबीने जोडून भागवलं. फर्मवेअरवाली वेगळी इमेज असायची पण अनधिकृत, नवख्या माणसाला ती कुठली सापडायला. २०२२ मधे त्यांनी मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमधेच आलं. आभाळ काही कोसळलं नाही. आणि सगळं सॉफ्टवेअर मुक्तच हवं म्हणणाऱ्या ग्नूवाल्यांचा हर्ड बघा, लिनक्ससारखाच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९० पासून लिहितायत, अजून १.० नाही, लिनक्स १९९१ ला आलं आणि कुठल्या कुठे गेलं. घ्या क्लाउड आणि झोपा निवांत.

जुनी_खोड
लिनक्सचं नाव काढलंत तर पुढचंही सांगा की राव. २००२ मधे लिनक्सच्या जनक टोरवाल्ड्सने कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामाला बिटकीपर घेतलं, कोणी कोडमधे काय बदललं याचा हिशोब ठेवणारं टूल. एका कंपनीच्या मालकीचं, सोर्स बंद असलेलं सॉफ्टवेअर, पण कर्नलवाल्यांना फुकट वापरायची मुभा. ग्नूचा संस्थापक स्टॉलमन आणि बरेच जण ओरडत होते, त्यांना कोणी फारसं मोजलं नाही, कारण काम झकास चाललं होतं. २००५ मधे सांबा हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या ट्रिजेलने बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारं स्वतःचं टूल लिहायला घेतलं, कंपनी बिनसली आणि फुकटची मुभा गेली. टोरवाल्ड्सने हातातलं काम बाजूला ठेवून एप्रिलमधे काही दिवसांत त्याच कामाचं स्वतःचं टूल, गिट, उभं केलं. तो तो होता म्हणून निभावलं, तुमच्या सहा जणांत आहे का कोणी तसा?

एक मात्र कबूल करतो, तीन वर्षं बिटकीपर वापरलं म्हणूनच आपल्याला नेमकं काय हवंय हे त्याला कळलं होतं. म्हणजे तडजोड अगदी वाया गेली असंही नाही.

मी आताशा तत्त्व की व्यवहार हे विचारतच नाही. उद्या बिनसलं तर माघारी येता येईल का, एवढंच बघतो. डेबियनची तडजोड झेपली कारण फर्मवेअर नको असेल तर बूट करतानाच तसं सांगता येतं. आणि तुमचा मित्र मला तरी एकाच मापाने मोजतोय असं दिसतंय, बंद केलेली भट्टी आणि कुलपातला डेटा, दोन्हीकडे परतीची वाट नाही.

विजेच्या_तारेवर
भट्टीचं खरंय. जर्मनीतल्या शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या, एकदा मोडतोड सुरू झाली आणि माणसं पांगली की स्विच दाबून परत सुरू होत नाही. त्याआधी २०२२ च्या गॅसटंचाईत राखीव कोळसा प्रकल्प परत चालू करावे लागले आणि ते करणारा मंत्री होता ग्रीन पक्षाचा! त्याची काय अवस्था झाली असेल.

पण त्या लोकांना नुसतं हसू नका. १९९८ ला ते पहिल्यांदा केंद्रात सत्तेत आले, लगेच कोसोव्होचं युद्ध. शांततावादी पक्ष, आणि त्यांचाच परराष्ट्रमंत्री फिशर हवाई हल्ल्यांना पाठिंबा देतोय. मे १९९९ च्या अधिवेशनात कोणीतरी त्याला लाल रंग भरलेली पिशवी फेकून मारली, कानाचा पडदा फाटला. तरी उभा राहून बोलला. पक्ष कसाबसा सत्तेत टिकला आणि २००० मधे त्याच सरकारने सोलर विजेला युनिटमागे ९९ फेनिग (तेव्हाचे जर्मन पैसे), तेही वीस वर्षं, असा कायदा केला. बाजारभावाच्या कितीतरी पट! तेव्हाचे व्यवहारी लोक म्हणाले उधळपट्टी आहे, आणि तेव्हाच्या हिशोबाने ती होतीच. पण त्या गिऱ्हाइकीवर कारखाने वाढले, पुढे चीनने तर धडाकाच लावला, आणि आज पॅनल इतके उतरलेत की कट्टर व्यवहारी माणूसही तेच लावतो. आता यात तत्त्व कुठे संपलं आणि व्यवहार कुठे सुरू झाला ते तुम्हीच सांगा, मला तर युद्धाला हो म्हटल्याशिवाय तो कायदा झाला नसता असंच वाटतं.

फुकटचा_सल्ला
एवढं वाचून दमलो. त्या तत्त्ववाल्याला पुढचे तीन महिने ऑन-कॉल (रात्री-अपरात्री बिघाड निस्तरायची पाळी) द्या की! तत्त्व त्याचं आणि जागरण तुमचं, हे कुठलं गणित?

कंटाळलेला_कोडर
@फुकटचा_सल्ला हाहा, हे आधीच सुचायला हवं होतं. विचारलं त्याला, "बघतो" म्हणाला.

@जुनी_खोड तुमचं वाचून क्लाउडवाल्याचं ट्रायल खातं उघडलं, चार खोटे बग टाकले, स्क्रीनशॉट जोडले आणि एक्स्पोर्ट मारून बघितलं. शीर्षकं येतात, कमेंट्स येतात, पण स्क्रीनशॉटच्या जागी नुसत्या लिंका, आणि त्या लॉगिन केल्याशिवाय उघडत नाहीत. आमचे निम्मे बग म्हणजे नुसते स्क्रीनशॉट असतात हो. उद्या मॅनेजरला हेच दाखवतो आणि दुपारी लॉग रोटेशन (जुन्या लॉग फायली आपोआप उडवायची सोय) लावून टाकतो, ते तसंही दोन वर्षांपासून राहिलंच होतं.