दहावीचे तोंडीचे २० गुण काढायलाच हवेत का?

निशिगंधा_क: कालच्या धाग्यात एकांनी लिहिलंय की भाषांचे तोंडीचे २० गुण ही खैरात आहे, लेखी १०० ची करा म्हणजे पोरांची खरी लायकी कळेल. वाचून राहवलं नाही. हे करून झालंय हो! २०१९ ला राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत (म्हणजे शाळेनेच द्यायचे, तोंडीसारखे) गुण काढले, निकाल ८९.४१ वरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला. सीबीएसईच्या मुलांचे अंतर्गत गुण शाबूत, आणि अकरावीच्या प्रवेशयादीत ती आणि आपली मुलं एकाच रांगेत. पुढच्याच वर्षी गुण परत द्यावे लागले. मी मराठी शिकवते. माझ्या वर्गातला एक मुलगा दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो. लेखीत त्याची जोडाक्षरं चुकतात. तोंडीला त्याने मोळी कशी बांधतात, कोयता बुडाशी का घालायचा हे सांगितलं, तेव्हा सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. ही भाषा नाही तर काय?

रोखठोक_अकोला: एका मुलावरून धोरण ठरत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत तोंडी झालीच नाही. वह्या गोळा केल्या आणि सरसकट १८-१९ टाकले. वर्षभर वाचणारी आणि पुस्तक न उघडणारा, दोघं सारखेच. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, ते का गाळलंत? आणि गुण परत दिल्यावर २०२० चा निकाल ९५.३० टक्के, ही खैरात नाही तर काय?

निशिगंधा_क: अभ्यासक्रम नवा होता, मान्य. मग २०२० ला भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द होऊन सरासरीने गुण दिले, तेही मोजा.

खडूफळा: तोंडी नीट घ्यायला वेळ कुठाय? साठ-साठ मुलांचे वर्ग, वर मतदारयाद्यांची कामं. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला (सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकाला) २०२३ पर्यंत महिना ८,००० मिळत होते, आता १८,०००. विनाअनुदानितवाल्यांना तेवढ्याचीही शाश्वती नाही. टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी आझाद मैदानात आंदोलनाला बसावं लागतं.

रोखठोक_अकोला: पगार कमी म्हणून खोटे गुण द्यायचे?

खडूफळा: तोंड सांभाळून बोला. मी विनाअनुदानितवर आहे. संध्याकाळी शिकवण्या घेतो तेव्हा घरात किराणा येतो.

पालक_सातारा: आलात मुद्द्यावर! शिकवणीला येणाऱ्यांना तोंडीत २० पैकी २० आणि बाकीच्यांना १४, हे आमच्या गावात उघडउघड चालतं.

खडूफळा: माझ्या शाळेतला एकही मुलगा माझ्या शिकवणीला नाही. न बघता आरोप करू नका. आधी आम्हाला पूर्ण पगार द्या, मग शिकवणी घेतली तर खुशाल जाब विचारा.

पालक_सातारा: पूर्ण पगार घेणारेही क्लास चालवतात, त्यांचं काय?

निशिगंधा_क: त्यांच्यावर कारवाई करा, मी स्वतः सही करते. पण त्यांची शिक्षा मुलांना कशाला? तोंडीला दुसऱ्या शाळेचा परीक्षक आणा.

रोखठोक_अकोला: बाहेरचा परीक्षक खरंच येऊन प्रत्येक मुलाला बोलतं करणार असेल तर माझी हरकत नाही. तोवर मी लेखीच्याच बाजूने. माझ्या मुलीला तर कुणी एक प्रश्नही विचारला नाही.