मध्येच येऊन मध्येच जाणारी मुलं: तुमच्या शाळेतले अनुभव

नीराकाठची
काल फलटणहून परतताना उसाच्या ट्रॅक्टरमागे अर्धा तास अडकलो. नवरा हॉर्न वाजवतोय आणि माझं लक्ष मागच्या ट्रॉलीकडे. मोळ्यांवर पोतं टाकून एक मुलगी बसलेली, मांडीत दप्तर. घरी आले तरी ते दप्तर डोळ्यांपुढून जाईना, म्हणून लिहितेय.

२००३ साली मी कारखान्याच्या पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला होते (शिकवायला हो!). दिवाळीनंतर माळावर कोप्या (ऊसतोड कामगारांच्या झोपड्या) उभ्या राहिल्या की आठ-दहा पोरं वर्गात वाढायची. दाखला कुणाकडेच नसायचा. हेडमास्तर म्हणायचे, बसू द्या, पण पटावर नकोत. मग मी हजेरीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने नावं लिहायचे.

त्यातली एक बीडमधल्या पाटोद्याकडची. कडेवर भाऊ घेऊनच यायची, कारण आई पहाटेच फडात. ते बारकं माझ्या टेबलाखाली पोत्यावर झोपायचं. आमची पोरं तिच्या बोलण्याला हसायची, डबा खाताना तिला कोणी जवळ घेत नसे. पण वजाबाकी? हातचे न लिहिता तोंडी! विचारलं तर म्हणाली, वजनाची पावती मीच वाचते. मुकादमाकडून (टोळीच्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, किती राहिली, हे त्या कोपीत फक्त तिला कळायचं. मग मी वर्गाला वजनाच्या पावत्यांचीच गणितं घातली. निम्मी पोरं ऊसवाल्यांची, त्यांच्याही घरी त्याच कारखान्याच्या पावत्या. ती फळ्यापाशी, बाकीचे तिला विचारतायत. त्या दुपारी डबा खायला तिला जागा झाली.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला. सोमवारी शाळेत आले तर माळावर नुसत्या चुली. तिची पाटी माझ्याकडेच राहिली, अजून आहे.

तुमच्या वर्गात अशी मुलं होती का? किंवा तुम्हीच त्यातले होतात का? लिहा.

घाटावरची
बाई, सकाळी सकाळी रडवलंत. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

कोयता_नंबर_सात
"तुम्हीच त्यातले" मधला मी. गाव शिरूर कासार तालुक्यात. आई-वडील मिळून एक कोयता (शहरातल्यांसाठी सांगतो, टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता). दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत, मग कधी सांगलीकडं, कधी बेळगावकडं. बेळगावकडच्या शाळेत गेलो तर फळ्यावर सगळं कन्नड. मास्तर लई चांगले. त्यांना मराठी एवढंच यायचं, "तुझं नाव काय?" तीन महिने रोज नाव सांगितलं :)

पाचवीपासून आजीजवळ राहिलो. गावात हंगामी वसतिगृह निघालं होतं, दोन वेळचं जेवण शाळेत. चांगलीच सोय, शिकलो त्याच्यामुळंच. पण ज्या दिवशी टोळी निघायची त्या दिवशी आम्ही पोरं शाळेच्या मागं जाऊन बसायचो, आणि सर त्या दिवशी हजेरीच घ्यायचे नाहीत. बोलले कधीच नाहीत त्यावर.

पेन्सिलीचं वाचून हसू आलं. सांगलीकडच्या बाईपण आमची नावं पेन्सिलीनं लिहायच्या. मला वाटायचं नवीन पोरांसाठी तशीच पद्धत असती.

पोळपाट
सात, हे वाचून काय लिहावं कळत नाहीये. तिकडे आजी भाकरी बाजरीची करायची की ज्वारीची? सहज विचारतेय, माझी सासू केजची आहे आणि बाजरीशिवाय जेवत नाही.

चाळीस_मुलं_एक_फळा
मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत. आमच्याकडे ऊस नाही, बिल्डिंगी. शेजारी टॉवर उभा राहत होता तेव्हा यादगीर-कलबुर्गीकडची सोळा मुलं आली. घरात कोणी कन्नड, कोणी लमाणी. मी भाषा दिनाचे फलक लावून बसले होते आणि मुलं गप्प. शेवटी वॉचमनकडून एक वाक्य शिकले, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. दुसऱ्या दिवशी दारात उभी राहून प्रत्येकाला विचारलं. एक पोरगा इतका हसला की बाकावरून पडला. माझा उच्चार!! मग रोज तोच मला कन्नड शिकवायचा आणि त्या नादात मराठी बोलायला लागला.
टॉवरला गिलावा झाला आणि सगळी हिंजवडीकडे गेली. दाखला न्यायला एकही पालक आला नाही. ऑनलाइन नोंदीत अजून आमच्याकडेच दिसत असतील.

सातबारा
दाखल्यावरून कोणी अडवत असेल तर ऐका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. कलम ४: मूल वयानुसार त्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं. मी हे छापून खिशात ठेवतो. दोनदा उपयोग झाला, तिसऱ्यांदा शिपायाने आतच सोडलं नाही.

नीराकाठची
सातबारा, माझ्या वेळी हा कागद असता तर पेन वापरलं असतं.

भट्टीवरचा
कॉलेजात असताना भिवंडीकडे एका भोंगा शाळेत दोन हंगाम शिकवलं. भोंगा म्हणजे वीटभट्टीवरची राहायची झोपडी, तिच्यातच शाळा. विधायक संसदेने हे काम वसई-भिवंडी भागात उभं केलं. आम्ही सकाळी दहाची वेळ लावली तर कोणीच नाही. का, तर सकाळी कच्च्या विटा उलट्या करायच्या असतात, त्या पोरांनीच, कारण हलक्या पायाने विटांमधून चालता येतं. मग शाळा चारला. वेळ आम्हीच बदलली म्हणून पोरं आली. एवढं साधं कळायला आम्हाला तीन आठवडे लागले, तिघेही ग्रॅज्युएट होणारे.

वैनगंगा
आमचं जरा वेगळं. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. माझ्या वर्गात त्यांची तिसरी पिढी. एकाने सरांना विचारलं, "सर, पाणी खाऊन येऊ?" सगळा वर्ग फुटला. बंगालीत पाणीपण "खातात", हे नंतर कळलं. मजा म्हणजे हसणारे आम्ही अर्धे माडिया-गोंडी बोलणारे! मराठी वर्गात कोणाचीच घरची नव्हती, एक सर सोडले तर. आणि सर नागपूरचे, त्यांच्या मराठीला पुण्याचे पाहुणे हसून गेलेले :))

पोळपाट
पाणी खाऊन येऊ!! आमच्याकडे आजपासून हेच.

श्प्रे_किनारी
बर्लिनहून. २०२२ मध्ये आलो तेव्हा लेक नऊची, जर्मन शून्य. तिला विलकोमेन्सक्लासेत घातलं, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांना आधी भाषा शिकवायचा वेगळा वर्ग. बाजूला युक्रेनची तीन, सीरियाची दोन. आम्ही नोकरीसाठी विमानाने आलेलो, आणि तिची मैत्रीण आईबरोबर एक पिशवी घेऊन. लेकीला तो फरक कळला नाही, मला रोज शाळेच्या फाटकाशी कळायचा. पहिल्या महिन्यात लेक घरी आली आणि म्हणाली "प्रिवित!" जर्मन शिकायला पाठवलेली, युक्रेनी शिकून आली.
माझं मत: वेगळा वर्ग सुरुवातीला बरा, भीती जाते. पण नेहमीच्या वर्गातली मुलं फक्त मधल्या सुट्टीत भेटायची, तीही लांबूनच. वर्षाने तिकडे बदली झाली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून नवीन. खरं तर खेळाचा तास तरी पहिल्या दिवसापासून एकत्र हवा होता.

कोयता_नंबर_सात
खेळाचं बरोबर. सांगलीकडं मला "बीडवाला" म्हणायचे, कबड्डीत तिघांना बाद केल्यावर नावानं हाक आली.
पोळपाट, बाजरी. थंडीत फडावर तर बाजरीच, आणि लसणाचा ठेचा.
बाई, पाटोदा आम्हाला जवळ आहे. ती मुलगी आता तिशीच्या घरात असंल. आडनाव सांगा, तिकडचे दोन-चार मुकादम ओळखीचे आहेत, पाटी पोचवतो.

नीराकाठची
आडनाव लिहिलंच नव्हतं हो. नुसतं नाव, आणि पुढे कंसात "भावासह".

घाटावरची
आले परत. कुकरच्या नादात भात करपला. माझा अनुभव रात्री लिहिते, मोठा आहे.