दाजी म्हणत्यात युटात गाडीतच झोपूया, जमंल का?

रंकाळा_संध्याकाळ:
नमस्कार मंडळी. ताई-दाजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला असत्यात, शेजारचं राज्य युटा, सुट्टीला आम्ही तिघं चाललोय, मी, बायको आणि सहावीतली पोरगी. ऑक्टोबरच्या शेवटी ९ दिवस. पेज, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, मोॲब आणि येताना मॉन्युमेंट व्हॅली असा दाजींचा बेत, हॉटेल दोनच रात्री, बाकी तंबू नाहीतर मागची सीट पाडून गाडीतच. पन्हाळा-पावनखिंड मी तीनदा केलंय त्यामुळं चालायचं भ्या नाही, पण ते पावसात, चिखलात, आणि वाटंवर कोण ना कोण चहा देतंय. तिकडं म्हणं मैलोनमैल माणूस दिसत नाही. पाणी किती घ्यायचं? वाळवंटच आहे तर स्वेटर घरी ठेवू का? पोरीला झेपंल असं चालायला कुठं? बायकोचा प्रश्न बाथरूमचा. फोटो बघून म्हणाली, एवढ्या लांब जाऊन दगडंच बघायची तर जोतिबाचा डोंगर काय वाईट आहे.

काळं_रान:
स्वेटर ठेवून जायचं नाही भावा!! ब्राइसचा कडा २४०० मीटरच्या वर आहे, ऑक्टोबरच्या शेवटी रात्री शून्याच्या खाली जातंय. आम्ही दोघं मित्र गाडीच्या काचा गच्च लावून झोपलो, सकाळी श्वासाचं पाणी काचेला आतनं गोठलेलं, एटीएम कार्डानं खरवडून काढलं. दोन्हीकडच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, थंडी वाजली तर वाजू दे.
दुसरी गोष्ट डाळ. हसू नका. एवढ्या उंचीवर पाणी ९२ अंशालाच उकळतंय, आम्ही उघड्या पातेल्यात तूरडाळ टाकली, दीड तास गॅस जाळला तरी दाणा दाताखाली कचकच. शेवटी कांदा-लसूण चटणी कालवून पावाबरोबर ढकललं. कुकर घ्या, नाहीतर पोहे-मॅगीवर भागवा. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तिकडंच घ्यायचा.
पाणी माणशी रोजचं ४ लिटर धरा. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, शर्ट कोरडाच, आणि दुपारी डोकं ठणकायला लागतंय. लिंबू-मीठ-साखर सोबत ठेवा.
आणि डोक्यावरचं आभाळ मोकळं दिसलं म्हणून अरुंद घळीत शिरू नका. पेजजवळच्या लोअर अँटिलोपला १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक वाहून गेले, तिथं पाऊस नावालाच होता, पडला होता वर लांब. मोठा पाऊस जुलै-सप्टेंबरचाच असतो, पण तुम्ही जाल तेव्हापण रोजचा अंदाज बघा. पाऊस झाला की कच्च्या रस्त्याला गाडी घालायची नाही. कॅपिटल रीफच्या बाजूची माती आपल्या काळ्या रानासारखी फुगती, चाकाला चिकटून बसती. भाड्याची गाडी असली तर बऱ्याच वेळा करारातच कच्चा रस्ता बंद असतो, तेवढं वाचा.

पाचगावचा_भटक्या:
वरच्यांनी मेन सांगितलंच. मी घड्याळाचं सांगतो. ॲरिझोना उन्हाळ्याची वेळ (घड्याळ तासभर पुढं करायची पद्धत) पाळत नाही, युटा पाळतंय, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हद्द ओलांडली की १ तास पुढं. त्यात नवाहो या तिथल्या मूळ लोकांचा मुलूख ॲरिझोनात असून पाळतो. मी मनगटावरचं घड्याळ बघत बसलो आणि झायनची शेवटची शटल (पार्कची बस) गेली, अंधारात रस्त्यानं तंगडतोड करत परत. शटल चालू असते तेव्हा आतल्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेऊच देत नाहीत.
पोरीसाठी झायनला रिव्हरसाइड वॉक (जाऊन येऊन साडेतीन किमी, सपाट) आणि ब्राइसला क्वीन्स गार्डन-नवाहो लूप, पाचेक किमी, फक्त परतीचा चढ दम काढतो. मोॲबजवळची डेलिकेट आर्च ही दगडी कमान, तिथली वाट पण जाऊन येऊन ५ किमीच आहे पण सावली औषधाला नाही, सकाळी लवकर उरका. तो दगड बुटाला झकास पकडतो, वाळूकागदासारखा, म्हणून पोरं सरसर चढतात आणि उतरताना लटपटतात, तेव्हा हात धरा. झायनच्या एंजल्स लँडिंग या उभ्या कड्याला २०२२ पासून परमिट लागतं, तसंही पोरीला घेऊन नकोच.
वाटेच्या बाजूला काळपट खडबडीत पापुद्रा दिसंल त्यावर पाय ठेवू नका, ती जिवंत माती आहे, एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं जातात.
वहिनींना सांगा, कॅम्पग्राउंडला बऱ्याच ठिकाणी खड्ड्याचे संडास, पाण्याचा पत्ता नाही, बाटली आपली न्यायची. मोॲबच्या आसपास मोकळ्या सरकारी जागेत राहिलात तर तेपण पिशवीत भरून परत आणायचं. खरंच.

मिसळ_जादा_कट:
पैशाचं कुणी बोललं नाही. २०२६ पासून पार्कांचा वर्षाचा पास परदेशी माणसाला २५० डॉलर आहे, तिथल्या रहिवाशाला ८०. दाजींना आधीच बघायला सांगा कुणाच्या नावावर काय घ्यायचं ते. मॉन्युमेंट व्हॅली नवाहोंची, तिथं हा पास चालत नाही, वेगळी फी.
आणि जायच्या आधी एक शनिवार-रविवार बदामीला जाऊन या, अडीचशे किमीच्या आसपास तर आहे. लाल वालुकाश्मच आहे, रंगपण तसाच लोखंडाच्या गंजाचा, आपल्या मसाई पठाराच्या जांभ्यासारखा. नवीन बूट तिथंच चावू देत. माकडं मात्र पिशवी पळवतात.

रंकाळा_संध्याकाळ:
लय उपकार. बदामीचं बायकोला पटलंय, म्हणती तिथंच थांबूया की, युटा कशाला. स्वेटर काढले बाहेर. पिशवीचं अजून सांगितलेलं नाही. फक्त एक, कॅम्पग्राउंडमध्ये कुकरची शिट्टी झाली तर कोण बोलणार नाही ना?

काळं_रान:
रात्री १० नंतर आवाज नको, एवढंच. तीन शिट्ट्या आधी उरका.