यादीची बेरीज करून पाहा
बंदिवासातून मायदेशी परतलेल्या यहुद्यांबद्दल 'बाबिलोनहून ४२,३६० जण परतले, म्हणजे रीतसर शिरगणतीच झाली' असं एकाने म्हटलंय. आकडा आहे खरा, बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा अध्याय २ आणि नहेम्याच्या पुस्तकाचा अध्याय ७, दोन्हीकडे तोच. पण मी एकदा कॅल्क्युलेटर घेऊन घराण्यांचे आकडे मिळवत बसलो, तर एज्रात २९,८१८ भरले आणि नहेम्यात ३१,०८९! यादी जवळपास तीच, तरी आरहाचे वंशज एकीकडे ७७५, दुसरीकडे ६५२. अजगादाचे १,२२२ आणि २,३२२. घराण्यांच्या आकड्यांत बायका-मुलं धरली नसावीत, म्हणून बेरीज ४२,३६० पेक्षा कमी भरते, असं काहीजण म्हणतात. मला वाटतं, यादी नकलून घेणाऱ्यांची चूक झाली असावी. निदान अजगादाच्या बाबतीत तरी. दोन्ही अध्याय शेजारी ठेवूनच वाचा, एकट्या एज्रात दोन याद्यांमधला हा फरक कळतच नाही.